निर्मलाबाईंचा पान क्रमांक

शालेय सामाजिक संशोधन स्पर्धेचं परिपत्रक आमच्या कोंढ्याच्या शाळेत सोमवारी पोहोचलं. संदर्भ साहित्याचा आढावा यापुढे वसाहतवादी मानसिकतेतून मुक्त असावा, असं त्यात नमूद होतं. परदेशी ग्रंथांचे संदर्भ वर्ज्य. गावातल्या जाणत्यांचं ज्ञान हाच संदर्भ. सोबत भरायचा नमुना ‘ब’ होता. तो इंग्रजीत होता आणि इंग्रजीतच भरायचा होता.

मी गुंजन, इयत्ता अकरावी. वाचून बाकावरून उडालेच! माझा विषय होता तलावाच्या पाण्याची पाळी. आमच्याकडे धानाला पाणी आधी सगळ्यात दूरच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला मिळतं, तलावाजवळच्या बांधीला शेवटी. असं काहून करायचं, हे एकाही पुस्तकात नाही. निर्मलाबाईंना मात्र ठाऊक आहे. गावाचं पाणी आधी त्यांचे सासरे वाटायचे, मग वीस वर्षं त्यांनी वाटलं.

“दूरच्याले आंधी देल्लं का जवळच्या बांधीवालाच पाट साफ ठेवते,” त्या म्हणाल्या. “त्याचं झाल्याबिगर याची पाळीच येत नाही ना वो!”

एवढं सरळ! मी तिथंच वचन देऊन टाकलं, “आजी, तुमचं नाव सगळ्यात वर छापून येईल.”

“छापून?” त्या हातातलं सूप ठेवून उठल्या. “मतदार यादी सोडली त माहं नाव कुठीच छापलं नाही. आन बरं पोरी. मरायच्या आंधी पाहून घेईन.”

भंडाऱ्याला तपासणी समितीच्या शोभाताईंनी माझा अर्ज चष्मा काढून वाचला, मग चष्मा लावून वाचला.

“संकल्पना अभिनंदनीय. प्रकाशन वर्ष?”

“मॅडम, त्या बाई आहेत.”

“असू देत. रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

मी आधार कार्डावरून १९५१ लिहिलं. प्रकाशक म्हणून त्यांचे पती सेवकराम. पान क्रमांकाचं मात्र काही जमेना. त्यातच समितीने ज्ञान स्थानिक असल्याचा दाखला मागितला. चौकशीत निर्मलाबाईंचं माहेर बपेरा निघालं. मध्य प्रदेशची हद्द तिथून जवळ असल्याने सदर ज्ञान परराज्यातून आल्याची शक्यता नाकारता येत नाही, असा शेरा पडला.

“बपेऱ्यावरून मी दोन लुगडे आन पानी भराचा एक पितळी गुंड आनला होता,” निर्मलाबाई म्हणाल्या. “बाकी सारं इथलंच हाय.”

हा खुलासा तोंडी असल्यामुळे फेटाळण्यात आला.

शेवटी आमच्या अंकुश सरांना इंटरनेटवर एक निबंध सापडला. पाच वर्षांपूर्वी एक परदेशी संशोधक निर्मलाबाईंच्या अंगणात तीन दिवस चहा पिऊन गेले होते. लंडनला छापलेल्या त्यांच्या निबंधात पान २१४ वर लिहिलं होतं, ‘एका वृद्ध ग्रामीण स्त्रीच्या सांगण्यानुसार...’ पुढे तोच पाट आणि तीच पाळी.

शोभाताईंचा चेहरा उजळला. “याला म्हणतात अस्सल देशी ज्ञान!”

“पण परदेशी संदर्भ चालत नाही ना, मॅडम?”

“आशय देशी आहे. छपाई कुठंही होऊ शकते.”

“मग निर्मलाबाईंचं नावही राहू द्या ना. ती म्हातारी म्हणजे त्याच!”

“पुरावा? निबंधात नाव आहे का?” त्यांनी पेन पुढे केला. “ठेवायचं असेल तर ठेव. प्रवेशिका बाद होईल. तू ठरव.”

मी ठरवलं. मला पहिला क्रमांक मिळाला.

छापील अहवाल घेऊन मी निर्मलाबाईंकडे गेले. त्यांनी हात धुतले, लुगड्याला पुसले आणि संदर्भांच्या यादीवर बोट ठेवलं. इंग्रजी त्यांना येत नाही.

“माहं कोनतं वो?”

मी त्यांचं बोट धरून लंडनच्या ओळीवर नेलं. “हे.”

“बापा! इंग्रजीत केवढं लांब होते माहं नाव!” आणि त्यांनी ते सेवकरामांना दाखवायला आत नेलं.

आता तुम्ही म्हणाल, पोरीनं म्हातारीला फसवलं. खुशाल म्हणा. पण खरं सांगा, दूरच्या बांधीला आधी पाणी, हे निर्मलाबाईंनी सांगितलं तेव्हाच तुम्हाला पटलं होतं, की पान २१४ निघाल्यावर?