जुन्या ड्रायव्हरचा पत्ता

पाणीपुरवठा कार्यालयातलं नेटवर्क बंद पडलं, ही बाब कोणाला गंभीर वाटली नाही, कारण तिथलं पाणीही बंदच होतं. मला मात्र वाटली. मी तिथला संगणक दुरुस्त करणारा, आणि नळासाठी अर्ज करून बसलेली माझी सख्खी आत्या. रोज ती बादली घेऊन शेजारणीकडे जायची आणि येताना मला ऐकवायची, "दिव्याखालीच अंधार."

दोष तसा क्षुल्लक. नेटवर्क कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अधूनमधून कोलमडायचा. नवा सुरू व्हायचा, पण कार्ड जुन्याच्याच आठवणीत. आलेली सगळी माहिती ते जुन्याच्या पत्त्यावर टाकायचं आणि नवा बिचारा हात चोळत बसायचा. उपाय एका ओळीचा: नव्या ड्रायव्हरने आल्या आल्या कार्डाला मागचं सगळं विसरायला लावायचं, मग काम सांगायचं.

साहेबांनी प्रस्ताव वाचून चष्मा पुसला. "विसरायचं कसं? आपल्याकडे पदभार घेतात. जुन्याकडून रीतसर घ्या."

"साहेब, जुना उरलाच नाही."

"मग त्याची ना-हरकत आणा."

ती मिळेना, म्हणून समिती नेमली. समितीने जुन्या ड्रायव्हरच्या सेवेचा गौरव केला, दोन मिनिटं स्तब्धता पाळली आणि चहा घेतला. तेवढ्यात साहेबांचीच बदली झाली. नव्या बाईसाहेब आल्या, तरी शिपाई चहा बिनसाखरेचाच आणायचा, कारण मधुमेह जुन्या साहेबांना होता. फायलीसुद्धा सवयीने त्यांच्याच घरी जात राहिल्या. आत्याचीही गेली, आणि आत्याचा नळ जुन्या साहेबांच्या अंगणात बसला.

आता माझं डोकं फिरलं. कोणालाही न विचारता मी ती ओळ लिहून टाकली. कार्ड मागचं विसरलं, नेटवर्क धावायला लागलं. बाईसाहेब इतक्या खूश झाल्या की त्यांनी तोच नियम ऑफिसला लावला. फायली त्यांच्या टेबलावर यायला लागल्या, चहात साखर आली आणि आत्याच्या ओट्यावर नळ आला.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर आत्या बादली घेऊन शेजारणीकडे निघालेली.

"आत्या, नळ आहे ना घरात?"

ती दारातच थबकली. "अगंबाई! पाय आपोआपच निघाले रे."

मी पोट धरून हसलो. तुम्हीही खुशाल हसा. फक्त एवढं आठवून बघा, की आज सकाळी डोळे उघडल्यावर घरातलं भांडण तुम्ही नव्याने सुरू केलंत, की काल रात्री जिथे थांबलं होतं तिथूनच.