मृगमेघाची मोहीम आणि पोफळीच्या पन्हळी

श्री. शके अठराशें बावन्न, प्रमोदनाम संवत्सरीं, माघ अमावास्येस मालगुंडीं जी मोहीम जाहली तिचें वर्तमान लिहितों. मोहिमेचे सरदार शाळामास्तर आप्पा आणि बखरनवीसही तेच, सबब पराक्रम थोडा फुगला असल्यास सांभाळून घ्यावें.

मनसुबा ऐसा कीं, मृग नक्षत्राच्या पोटांतील तेजोमेघाची तसबीर काचेवर उतरवावी. भिंगें मुंबईहून आलीं, परंतु दुर्बिणीच्या तोफेस नळी नाहीं, आणि मग खाशांनीं बागेंतील पोफळीच्या दोन पन्हळी उचलून, एकमेकींवर घालून सुंभानें आवळिल्या, आणि तोफ सजली, आणि बागेचें पाणी बंद जाहलें, आणि पोफळी माना टाकूं लागल्या. घरच्या मुख्त्यार यमुनाबाईसाहेब यांणीं फर्माविलें कीं, या अमावास्येस मेघ कागदावर दिसला तर बागेस नव्या पन्हळी कराव्या. न दिसला तर याच बागेंत जातील, आणि आभाळाचें नांव पुन्हां काढूं नये. लेप दिलेली काच एकच उरली होती. 

दिवेलागण होतांच खासा स्वारी अंगणांत मोर्चा लावून बसली. तोफेवर बांधलेल्या धाकट्या दुर्बिणींत तारा धरावा आणि तो सरकेल तशी नळी हातानें सरकवावी, हाच युद्धाचा प्रकार; आणि पन्हळींत ठाणें देऊन बसलेल्या तांबड्या मुंग्यांनीं सरदारांच्या मानेवर हल्ला केला, परंतु खाशांनीं हूं कीं चूं केलें नाहीं, फक्त रडले. मग काच धुवून देवघरांत वाळत ठेविली.

सकाळीं पाहतात तों घात. घरांत आलेल्या नव्या वस्तूस कुंकू लावावें हा रिवाज, आणि बाईसाहेबांनीं ओल्या काचेवर, मेघाशेजारींच, कुंकवाचें ठसठशीत बोट टेकविलें होतें. पुसावें तर लेपासकट मेघही जातो. मास्तरांनीं कपाळ बडविलें आणि काच तैसीच, उन्हानें काळा पडणाऱ्या छापाच्या कागदावर धरून उन्हांत ठेविली.

तांबड्याआडून ऊन कागदास पोंचत नाहीं, तितकी जागा पांढरी राहते. काळ्या आभाळावर मेघ ताकाच्या डागासारखा फिकट आला, आणि शेजारीं कुंकवाचा ठसा वाटोळा, लखलखीत. बाईसाहेबांनीं लखलखीतावर बोट ठेवून मेघ झकास आल्याची पसंती दिली. गप्प राहावें तर नळी वांचत होती. मास्तर म्हणाले, "ते तुझं कुंकू. मेघ हा, फिकट."

बाईसाहेबांनीं तसबीर दाराशीं उजेडांत नेली आणि बराच वेळ न्याहाळली.

"हा होय? ह्याच्यापायी मान सुजवून घेतलीत?" आणि मग, "राहूं देत पन्हळी. बागेला नव्या करूं."

येणेंप्रमाणें फत्ते जाहली. तसबीर ओटीवर लाविली आहे. येणारे-जाणारे कुंकवाच्या मेघाचीच तारीफ करितात, आणि मास्तर आतां कोणासही खोडून काढीत नाहींत.