सोडा म्हणायचं राहिलं

आमच्या सासूबाई मला कधी कुठलं काम सांगत नाहीत. त्यांच्या घरातला बल्ब गेला तर त्या स्वतः स्टुलावर चढतात आणि स्टूल धरायला शेजारच्या बाईंना हाक मारतात. (मी तिथेच सोफ्यावर बसलेला असतो.) त्यामुळे परवा सुजलेल्या गालावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमचं ते ध्यान मला शिकवाल का?" तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली. नुसतं 'हो' म्हणून गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी म्हणालो, "शिकवतो काय, दातांच्या दवाखान्यात तुमच्या शेजारी उभाच राहतो!"

आता माझ्या ध्यानाविषयी थोडं सांगायला हवं. मी वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. लोक फार ओरडतात म्हणून साहेबांनी आम्हाला ध्यानाच्या वर्गाला धाडलं. तिथे मला छान झोप लागली. पण घरी येऊन मी अशा काही थापा मारल्या, की सासूबाईंपर्यंत माझी कीर्ती गेली.

सासूबाईंची एका बाजूची दाढ पार किडली होती, दुसऱ्या बाजूचीही त्याच वाटेवर होती. पहिली काढण्यावाचून इलाज नव्हता आणि त्या दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून परत आल्या होत्या. जन्मभर मुख्याध्यापिका म्हणून अख्खी शाळा ज्यांना टरकून असे, त्या सुईच्या नावाने थरथरत होत्या. झोप नाही, खाणं नाही. खरं सांगतो, त्यांचा चेहरा बघून मलाही वाईट वाटलं.

बायकोला मात्र वेगळीच काळजी.

"अहो, भाजी चिरताना माझं बोट कापलं, तेव्हा तुम्ही पट्टी आणायला शेजारी गेलात आणि त्यांच्याच पलंगावर आडवे झालात."

"ते ध्यान शिकण्याच्या आधीचं."

"नंतरचं! त्यांना तुम्ही ध्यान लागलंय म्हणून सांगितलंत."

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. (खिडकीवरची सवय.) आणि सासूबाईंची शिकवणी सुरू केली.

"आई, बाहेरचे आवाज येतील आणि जातील. तिकडे लक्ष द्यायचं नाही. फक्त माझा आवाज ऐकायचा. मी 'घ्या' म्हटलं की श्वास घ्यायचा, 'धरा' म्हटलं की धरायचा, 'सोडा' म्हटलं की सोडायचा."

"आणि तुम्ही 'सोडा' म्हणेपर्यंत?"

"धरून ठेवायचा. मग भूकंप का होईना!"

त्यांनी मान डोलावली. माझ्या बोलण्यावर त्यांनी मान डोलावल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दवाखान्यात सुरुवात झकास झाली. सासूबाई त्या लांबलचक खुर्चीत आडव्या झाल्या. मी उशाशी उभा राहून खर्जात म्हणालो, "घ्या... धरा... सोडा." त्यांच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "वा, काका! तुम्ही रोजच येत जा." मी नको नको म्हणत मान वेळावली.

"घ्या," मी म्हणालो. सासूबाईंनी घेतला.

"धरा," मी म्हणालो. त्यांनी धरला.

आणि डॉक्टरीणबाईंनी सुई वर धरली.

सुई कसली, सळईच ती! तिच्या टोकावर एक थेंब आला. तो थेंब बघता बघता माझी जीभ टाळूला चिकटली. पुढचा शब्द कुठला ते आठवेना. खोली हळूहळू डावीकडे सरकायला लागली.

"आजी, श्वास सोडा हं आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजी सोडीनात. बाहेरचा आवाज! त्या लाल झाल्या.

"आजी, सोडा ना! नर्स, बघ गं यांना काय होतंय!"

आजी जांभळ्या व्हायला लागल्या. त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यात भीती नव्हती. वर्गातली हुशार मुलगी गुरुजींकडे बघते, तसा भाबडा विश्वास होता. तो डोळा मी अजून विसरलेलो नाही. मी सगळा जीव एकवटून तोंड उघडलं आणि 'सोडा' म्हणण्याऐवजी स्वतःलाच सोडून दिलं. जाताना औजारांचा ट्रेही घेऊन गेलो.

"अगं बाई! जावई पडले!" एवढं ओरडण्यासाठी सासूबाईंना श्वास सोडावाच लागला.

शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर होतो आणि माझे पाय स्टुलावर होते. डॉक्टरीणबाई माझी नाडी सोडून उठत होत्या. वरून खणखणीत आवाज येत होता. "नर्स, पाय आणखी वर घ्या त्यांचे. कॉलर सैल करा. डॉक्टर, तुम्ही तुमचं काम उरका, मी इथून यांच्यावर लक्ष ठेवते." मुख्याध्यापिकाबाई कामावर रुजू झाल्या होत्या.

मी किलकिले झालेले डोळे लगेच मिटून घेतले. कुठल्या तोंडाने उघडणार? पडल्याची लाज होतीच, पण ती किरकोळ. ज्या बाईने मला कधी स्टूल धरू दिलं नाही, तिने माझ्या एका शब्दावर आपला श्वास रोखला होता, आणि तेवढा एक शब्द माझ्याच्याने बोलवला नाही. मी मुडद्यासारखा पडून राहिलो. वर खुडखुड चालली होती, सासूबाई मधूनमधून हुंकार देत होत्या. मग कुठल्याशा भांड्यात टक्कन काहीतरी पडलं.

"झालं, आजी."

"काय झालं? शुद्धीवर आले?"

"दाढ निघाली तुमची."

घरी येताना रिक्षात मी खाली मान घालून बसलो होतो. बायकोने दारातच माझ्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि काय ते समजली.

"आई, दुसऱ्या बाजूची दाढ राहिली आहे ना? तिला मी येईन हं. यांना नको."

सासूबाईंनी तोंडातला कापूस गालात सरकवला. "छे! हे आल्याशिवाय मी त्या खुर्चीत बसायची नाही."

माझी मान आपोआप वर आली. डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. "खरंच, आई? मग उद्यापासून पुन्हा सराव सुरू करू या. घ्या, धरा—"

"ते राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडे बघता बघता दाढ कधी निघाली ते मला कळलंच नाही. फक्त पुढच्या वेळी सुई बाहेर काढायच्या आधीच पडा."