न्हाणीघरापुरती मराठी

मला वाटलं होतं, तीन महिन्यांत आमच्या घरात चार परक्या भाषा खेळू लागतील. प्रत्यक्षात तिसऱ्याच आठवड्यात घरात कोणी कोणाशी बोलेनासं झालं.

सहा वर्षं दूरदेशी शिकून मी परतले ती चार भाषा अर्धवट आणि उत्साह पूर्ण घेऊन. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी. माणूस माणसाशी त्याच्या भाषेत बोलला तर जगातली निम्मी भांडणं मिटतील, असं माझं ठाम मत होतं. (उरलेली निम्मी कशाने होतात, ते आता कळलंय.) अडचण एवढीच, की एकटीने शिकायला बसलं की सोमवारी हौस असते आणि गुरुवारी पुस्तकावर धूळ. आमचे एक प्राध्यापक म्हणायचे, भाषा टिकवायची तर घराला कामाला लावा. मी लावलं.

सुरुवात एका पाटीने झाली. स्वयंपाकघराच्या दारावर मी 'फ्रेंच' असं लिहून चिकटवलं. आत फक्त फ्रेंच बोलायचं. आई म्हणाली, लाव बाई, फक्त ओलं फडकं मारता येईल अशी लाव. एवढं प्रोत्साहन मला पुरलं. दुसऱ्या दिवशी हॉल जर्मन झाला, आई-बाबांची खोली जपानी आणि माझी स्पॅनिश. फ्रिजवर तक्ता आला. नीट बोलेल त्याला तारा. न्हाणीघर तेवढं माणुसकी म्हणून मोकळं सोडलं.

घर शांत झालं. आई जेवायला हाक मारेना, ताटावर चमचा वाजवू लागली. बाबा पेपर वाचताना पूर्वी मोठ्याने चडफडायचे, ते आता नुसतेच मान हलवायचे. मी याला एकाग्रता समजले.

मंगळवारी बाबा मुद्दाम स्वयंपाकघरात आले, माझ्यासमोर उभे राहिले, डोळ्याकडे बोट दाखवून फ्रेंचमध्ये 'डोळा' म्हणाले आणि थांबले. मला भरून आलं. मी त्यांचा उच्चार तीनदा दुरुस्त केला आणि तक्त्यावर त्यांच्या नावापुढे तारा चिकटवला. ते त्या ताऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. (त्यांना तो नीट दिसत नव्हता, हे मला कुठे माहीत?)

शुक्रवारी संध्याकाळी मी हात धुवायला न्हाणीघराचं दार ढकललं. आत आई पालथ्या बादलीवर बसली होती, बाबा वॉशिंग मशीनला टेकून उभे होते आणि शेजारच्या काकू स्टुलावर बसून चहा पीत होत्या. उद्या सकाळी साडेसहाला निघायचं, रिपोर्ट विसरायचे नाहीत, असं काकू बजावत होत्या.

मी विचारलं, कुठे निघायचंय. बाबा लगबगीने बाहेर आले, हॉलमध्ये जर्मनच्या हद्दीत उभे राहिले आणि मला अदबीने 'गुटेन आबेंड', म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, उद्या काय आहे?" मी हॉलमध्ये उभी राहून चक्क मराठीत विचारलं.

"मोतीबिंदू काढायचाय यांचा. उजव्या डोळ्याचा. डाव्याचा नंतर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला आले होते की मंगळवारी," आई म्हणाली. "तू तारा दिलास."

आईला दवाखान्याच्या वासानेच चक्कर येते, म्हणून काकू जाणार होत्या. इस्त्रीवाल्याला हे माहीत होतं, लिफ्टवाल्याला माहीत होतं. मी सातासमुद्रापार असताना दर रविवारी फोनवर मला बाबांचा रक्तदाबसुद्धा कळायचा. भिंतीपलीकडे राहायला आले आणि डोळा गेला तरी पत्ता नाही. मी म्हटलं, उद्या मी जाणार. बाबा काळजीने म्हणाले, अगं, शनिवारी तुझा स्पॅनिशचा क्लास असतो, उगाच खाडा होईल. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

जेवणाआधी मी चारही पाट्या उपटल्या. (रंगासकट निघाल्या.)

सकाळी दवाखान्यात बाबांसोबत मी होते. काकूही आल्याच, आईने खात्रीसाठी पाठवल्या होत्या. नर्सने विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, बीपीची गोळी कोणती, शेवटची कधी घेतली. चार भाषा शिकणारी मी पाचवीतही उत्तर देऊ शकले नाही. काकूंनी सगळं घडाघडा सांगितलं. नर्सने फॉर्मवर 'मुलगी' या रकान्यात काकूंची सही घ्यायचीच बाकी ठेवली होती.

मग हिरव्या गाउनमध्ये बसलेल्या बाबांचा हात धरून मी निर्णय जाहीर केला.

"बाबा, मी ठरवलंय. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत मी एकही भाषा शिकणार नाही. फक्त तुमच्याशी बोलणार."

बाबांनी माझा हात थोपटला. मग नर्सकडे वळून हळूच विचारलं,

"सिस्टर, दुसऱ्या डोळ्याला काही घाई नाही ना?"