खिडकीवाली खोली

एलादियोने डोंगरावरचं घर विकायला काढलं ते बायकोच्या गुडघ्यांपायी. त्यांची गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्याच, आणि रेमेदियोसच्या गुडघ्यांनी त्या पायऱ्यांशी कायमचा काडीमोड घेतला होता. खाली किनाऱ्यावर लिफ्टवाला एक फ्लॅट तिने हेरून ठेवला होता. हे घर खपलं तरच तो मिळणार होता.

अडचण एकच होती, आणि ती रोज दुपारी बैठकीतून चालत जायची. वडील गेल्यावर गावच्या रिवाजाप्रमाणे टोपीत चिठ्ठ्या टाकून वाटण्या झाल्या. हे घर एलादियोला आलं, शेजारचं थोरल्या बहिणीला, विसिताला. पण एलादियोच्या घरातली वरची खोलीही निघाली विसिताच्याच चिठ्ठीत! तिथे ती डुकराच्या खारवलेल्या तंगड्या वाळत टांगायची. भावाच्या घरातून ये-जा करायची, पण त्याच्याशी चकार शब्द बोलायची नाही. एका जत्रेत एलादियोने भर चौकात सांगितलं होतं, की विसिता बटाट्याच्या आम्लेटात कांदा घालत नाही, म्हणून ते घशाखाली उतरत नाही. तेव्हापासून जो अबोला धरला, तो धरला.

त्या दिवशी अन्नेके नावाची एक डच बाई घर बघायला आली. सगळं तिच्या पसंतीला उतरत होतं.

"वर काय आहे?"

"अडगळ," एलादियो घाईघाईने म्हणाला.

तेवढ्यात विसिता आत आली. हातात हा एवढा सुरा. कोणाकडे न बघता ती तडक वर गेली.

"ही कोण?"

"शेजारीण."

"सुरा घेऊन?"

"तशीच असते ती."

अन्नेके तिच्या मागोमाग वर गेली आणि लगेच किंचाळली. एलादियो धडपडत वर धावला. बाई धडधाकट होती. तंगड्या बाजूला सारून ती खिडकीत उभी होती. समोर उतारावरची बदामाची झाडं, आणि त्यापलीकडे अख्खा समुद्र.

"हीच खोली!" ती म्हणाली. "ही नसेल तर घर नको."

संध्याकाळी रेमेदियोसने नवऱ्याला अक्षरशः ढकलत शेजारी पाठवलं.

"ताई..." दारात उभं राहून तो म्हणाला.

विसिताने मांजराकडे पाहिलं. "तू बोललास का रे?"

"मी बोललो. एलादियो."

"अगबाई, माझा भाऊ! मला वाटलं, माझं आम्लेट घशात अडकून मेला केव्हाच."

"चुकलं माझं. खोली दे गं. रेमेच्या गुडघ्यांकडे बघून तरी दे."

"रेमेसाठी देते. पण चौकात बोललास ना? चौकातच गिळ."

रविवारी चर्च सुटल्यावर एलादियोने अख्ख्या गावासमोर बिनकांद्याचं आम्लेट खाल्लं. "कांद्याची काही गरज नाही!" तो म्हणाला. "मोठ्याने!" लोक ओरडले. तो पुन्हा म्हणाला. विसिताने त्याचा गाल ओढला आणि कानात हळूच सांगितलं, "आता खोलीला खोली. तुमच्या त्या नव्या फ्लॅटमध्ये."

व्यवहार झाला. रेमेदियोस पहिले काही दिवस कामाशिवाय लिफ्टमधून वर-खाली करत होती, आणि तिचा आनंद पाहून एलादियोलाही भरून यायचं. समुद्राकडची खोली अर्थातच विसिताने घेतली. दमट हवेत तंगड्या काही वाळेनात, म्हणून तिथे ती स्वतःच राहायला आली. आता ती बैठकीतून नुसती जात नसे. थांबायची आणि बोलायची. एलादियोच्या ढेरीवर, मोज्यांवर, लहानपणी त्याने फोडलेल्या रांजणावर. इतक्या वर्षांचं साठलेलं ती सकाळपासून बाहेर काढायची.

एका रात्री पानात तेच आम्लेट आलं. एलादियोने एक घास घेतला, बहिणीच्या तोंडाचा चालू असलेला पट्टा ऐकला आणि मनाशी काहीतरी ठरवलं.

"यात कांदा हवा होता!" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. रेमेदियोसने डोळे मिटून घेतले.

विसिता क्षणभर गप्प झाली. एलादियोला हायसं वाटलं.

"हवाच होता," ती म्हणाली. "मलाही कांद्याचंच आवडतं. बाबांना चालायचा नाही ना, म्हणून सवय मोडली. त्याची एक गंमतच आहे, थांब, सांगते."

आणि तिने खुर्ची जवळ ओढली.