एचडी रेडी

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. गवत होतं, पाणी होतं, सावली होती. विकत घेण्यासारखं मात्र काही नव्हतं. म्हणून कोल्ह्याने टीव्हीचं दुकान काढलं. त्या दिवसापासून सगळे त्याला कोल्हेसाहेब म्हणू लागले.

त्याच जंगलात सुबाना नावाचा म्हातारा गवारेडा राहायचा. बोलायचा कमी, रवंथ करायचा फार. त्याची लेक चंद्री लांबच्या रानात शर्यत धावायला गेली होती. रविवारी ती शर्यत टीव्हीवर दिसणार होती.

चंद्री लहानपणी मागचा डावा पाय ओढायची. सुबानाने तो रोज नदीच्या गार चिखलात ठेवून बरा करत आणला होता. आता धावताना पोर पाय ओढते का, एवढंच त्याला बघायचं होतं.

घरी जुना टीव्ही होता. चित्रात मुंग्या यायच्या, पण चित्र यायचं. बटण तुटलं होतं. ते त्याने वेलीने बांधलं होतं.

"लेकीची शर्यत आणि असल्या डब्यावर?" कोल्हेसाहेब म्हणाले. "चित्र म्हणजे काय हो? रेघा. तुमच्या डब्यात पाचशे शहात्तर रेघा. ह्याच्यात सातशे वीस. जुना द्या, नवा न्या. एचडी रेडी आहे."

सुबानाचे कान उभे राहिले.

"रेडी?"

"रेडी."

"माझी पोरगीसुद्धा रेडीच."

कोल्हेसाहेबांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग ते गोड हसले. "म्हणून तर तुमच्यासाठी राखून ठेवलाय!"

शेजारची साळिंदरबाई तिथेच उभी होती. तिला विचारायची खोड होती. ती म्हणाली, "टेकडीवरून टीव्हीचं चित्र सोडणारी वानरं पाचशे शहात्तर रेघाच सोडतात. मग वरच्या रेघा आणायच्या कुठून?"

"बाई, तुमच्या अंगावर काटे किती?"

"मोजले नाहीत कधी."

"मग रेघा कशाला मोजता?"

सगळं दुकान खो खो हसलं. ससा हसला, रानडुक्कर हसलं. विनोद कळला नव्हता ते सगळ्यात जोरात हसले. सुबानाने जुना टीव्ही दिला आणि नवा पाठीवर घालून घरी नेला.

रविवारी सकाळी सगळं जंगल त्याच्या दारात जमलं. सुबानाने जुनी वायर नव्या टीव्हीला लावायला घेतली. वायरचं टोक गोल, टीव्हीचं भोक चपटं. तरी त्याने बटण दाबलं.

पडदा निळा झाला. मधोमध अक्षरं उमटली. ‘सिग्नल नाही.’

"अहाहा!" ससा म्हणाला. "काय स्पष्ट आहे हो!"

"माझ्या टीव्हीवर तर हे वाचतासुद्धा येत नाही," रानडुक्कर हळहळलं. "आणि निळा रंग बघा. आभाळाला नाही असा."

"शर्यत कुठाय?" साळिंदरबाईने विचारलं.

"गप गं. बघू दे."

सुबाना उठला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दुकानाकडे निघाला.

"कोल्हेसाहेब, चित्र येईना."

कोल्हेसाहेब दारातच आडवे उभे राहिले. "रेडी म्हणजे तयार, सुबानाराव. तो तयार आहे. सिग्नल आला की दाखवणार. बॉक्स वेगळा घ्यायचा, एचडीची केबल वेगळी. आणि वानरांनी एचडी सिग्नल सोडायला हवा. दोन-चार वर्षांत सोडतील म्हणतात."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

तेवढ्यात आतून ओळखीची खरखर ऐकू आली. सुबानाने कोल्हेसाहेबांच्या खांद्यावरून आत बघितलं. कोपऱ्यात त्याचाच जुना टीव्ही चालू होता. बटणाला वेल तशीच होती. मुंग्यांच्या मागे सात-आठ रेड्या ओळीत उभ्या होत्या. तिसरीने डावा कान दोनदा झटकला. चंद्री लहानपणापासून कान असाच झटकायची.

शिट्टी वाजली.

"जुन्या चित्राने डोळे बिघडतात हो," असं म्हणून कोल्हेसाहेबांनी दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

आत टाळ्या वाजेपर्यंत सुबाना बंद दाराकडे तोंड करून उभा राहिला.

चार दिवसांनी चंद्री आली. शर्यतीत तिसरी आली होती.

"आबा, बघितलंत ना? पाय कसा वाटला?"

सुबाना काही बोलण्याआधी ससाच ओरडला, "एचडी रेडीवर बघितलंय तुझ्या आबांनी! साधंसुधं नाही!"

"हो का, आबा?"

"बघितलं की," सुबाना म्हणाला. "अगदी स्पष्ट."

पोर खूश झाली आणि पाणी प्यायला नदीकडे पळाली. सुबाना तिच्या मागच्या डाव्या पायाकडे बघत राहिला. पाय ओढत नव्हती. तिला असं पळताना पहिल्यांदाच बघत होता तो. मध्ये पडदा नव्हता, रेघा नव्हत्या. डोळ्यांत पाणी आलं तेवढ्याने काय धूसर झालं असेल ते.

त्याच्या पाठीमागे सगळं जंगल निळ्या पडद्यासमोर बसलं होतं.

"सरक रे, सुबाना," रानडुक्कर म्हणालं. "मध्ये येऊ नकोस."

तात्पर्य : मुलांनो, टीव्ही घ्यायचा तर मोठाच घ्यावा. लहान पडद्यावर ‘सिग्नल नाही’ हे चारचौघांना एकत्र बसून नीट वाचता येत नाही. आणि दुकानात प्रश्न विचारू नयेत. पुढे खरे ठरलेले प्रश्न विचारणाऱ्याला कोणी टीव्ही बघायला बोलवत नाही.