शिवलिंगअप्पांची करंगळी

शिवलिंगअप्पा अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, आधी पायाकडे बघत. पायात चप्पल असली की "या पावणं, बसा." बूट असले की आवाज खाली येई. आणि बुटात मोजे दिसले की अप्पा पळी खाली ठेवून हात पुसत आणि तोंडातून पुस्तकी मराठी बाहेर पडे, "नमस्कार, आपले स्वागत आहे. आज आपण काय घेणार?" आमच्या चौसाळ्यात असं कुणी कुणाला विचारत नाही. एक विमा एजंट तर घाबरून न खाताच उठून गेला.

अप्पांचं मिसळीचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान, मध्ये एकच भिंत. अप्पा आधी सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. लागोपाठ पाऊस रुसला, ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड झालं आणि अप्पा घरी आले. मग हाती आलेला सगळा फंड त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला देऊन मिसळीची फ्रँचायझी घेतली. चाळीस पानी कराराची झेरॉक्स मीच काढली. दुसऱ्याचे कागद वाचायची मला वाईट खोड आहे, त्यामुळे अप्पांच्या आधी करार मी वाचला आणि अप्पांच्या आधी घाबरलोही मीच.

"अप्पा, दुकान कुणाचं?"

"माझं."

"पाटी?"

"कंपनीची."

"मसाला?"

"कंपनीचा. शीलबंद पुडा येतो. चमचा बी त्यांचाच."

"आणि धंदा बुडाला तर?"

अप्पांनी थोडा विचार केला. "त्यो माझा."

"मग स्वतःच्या नावानं टाका की दुकान! काळा मसाला तुमच्या हातचा लई भारी."

"न्हाई नाना, एकट्यानं धंदा करायला छाती लागती. कारखान्यात आमी सगळेच मालक हुतो, म्हणून कुणीच मालक न्हवतं. हितं मालक मी, पण वरती इचारणारं कुणीतरी हाय."

विचारणारं होतं, यात शंकाच नव्हती. करारात लिहिलं होतं, कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून कधीही येईल. फरशी पुसलेली हवी, प्लेट गिऱ्हाइकासमोर धुवायची, टोपी घालायची, नखं कापलेली हवीत. चूक सापडली की लाल शेरा. तीन शेरे झाले की पाटी उतरवणार, फंडही गेला. अप्पांना दोन शेरे मिळून चुकले होते. पहिला टोपीचा. कपाळावरची विभूती झाकते म्हणून त्यांनी ती मागं सरकवली होती. दुसरा मसाल्याचा. "अप्पा, ही मिसळ हाय का पेशंटचं जेवण?" असं कुणी म्हणालं, तेव्हा त्यांनी घरचा चिमूटभर टाकला आणि नेमका टाकताना सापडले.

त्या दिवसापासून अप्पा भीतीत राहत. माझ्याकडं येऊन हळूच विचारत, "नाना, त्यो पानटपरीवरचा मानूस कवापासून उभा हाय? कावून उभा हाय?" आणि भीतीची लागण होते. मीही टपरीवरच्या माणसाकडं बघत बसे.

शनिवारी अप्पांनी माझं नेलकटर मागून नेलं. माझ्याच पायरीवर बसून एकेक नख मन लावून कापलं.

"अप्पा, डाव्या हाताची करंगळी राहिली."

"राहू द्या," म्हणाले आणि नेलकटर परत दिलं. मी मनात म्हटलं, म्हातारपण.

आता माझी अक्कल ऐका. दुसऱ्या दिवशी आमचा मेहुणा दिलीप नगरहून आला. बुटासहित, मोज्यांसहित. मी त्याला फाईल दिली, शर्ट खोचायला लावला आणि म्हटलं, "शेजारी जा. कुणी विचारलं तर काही बोलू नकोस, नुसतं लिहीत राहा." वाटलं, पाच मिनिटांची गंमत. अप्पा घाबरतील, मग आपण जाऊन सांगू, सगळे हसू.

भिंतीला कान लावून मी आधी हसलो. मग हसू थांबलं. दिलीपला अंगात आल्यासारखं झालं होतं. "फरशी परत पुसा." फरशी पुसली गेली. "प्लेटा सगळ्या धुवा, माझ्यासमोर." धुतल्या. "हात?" धुतले. "परत." बादली हौदात बुडत होती, निघत होती. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर आठव्या दिवशी यायचा. मी आत जाऊन खरं सांगायला उठलो, पण अप्पांच्या दारापर्यंत गेलो आणि त्यांचा चेहरा दिसला. घामानं विभूती ओघळून भुवईत आली होती. मला सांगायचा धीर झाला नाही. मी परत येऊन कोऱ्या कागदाच्या झेरॉक्स काढत बसलो.

दिलीप गेला तेव्हा हौदाचा तळ दिसत होता. टँकरला चार दिवस होते.

आणि सोमवारी सकाळी अप्पा माझ्या दारात उभे. हातात फोन, ओठ कोरडे. "नाना, कंपनीचा निरोप हाय. दोन शेरे झालेत म्हणून ह्या खेपंला सांगून तपासणी, दुपारी मॅडम येणार. आन् हौदात पानी न्हाई." काल कोण येऊन गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी मान खाली घातली.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "माझ्या भावाला नादी लावलं ते लावलं, त्या एकट्या माणसाला छळलं? जनाची न्हाई तर मनाची तरी..." मग उठून घरातल्या एकुलत्या भरलेल्या पिंपावरचं झाकण तिनंच काढलं. आम्ही दोघांनी घागरीनं पाणी वाहिलं, भर उन्हात, अख्ख्या गल्लीच्या देखत.

"नाना, हे कावून?" अप्पांनी विचारलं.

"घरात जरा जास्त झालं होतं," मी म्हणालो. त्या उन्हाळ्यात चौसाळ्यात एवढं मोठं खोटं दुसऱ्या कुणी बोललं नसेल.

मॅडम आल्या त्या एसटीनं. पोरगीच होती, पंचविशीतली. पायात साध्या चपला. अप्पा पायाकडं बघून फसले आणि "बस बाई, आधी पानी पी," म्हणाले. मग तिनं कंपनीचा कागद काढला तेव्हा त्यांनी झटकन टोपी पुढं ओढली. मी दारात उभा.

फरशी. बरोबर. टोपी भुवयांपर्यंत. बरोबर. पुड्यांची सिलं तिनं एकेक तपासली. चव बघितली. हौदात वाकून पाणी बघितलं. बरोबर. शेवटी म्हणाली, "काका, हात दाखवा."

अप्पांनी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढं केले.

"ही करंगळी राहिली की."

तिनं लाल पेन उघडलं. शनिवारी मीच पकडून कापायला हवी होती ती करंगळी! मी काहीतरी बोलायला गेलो, पण अप्पांकडं लक्ष गेलं. तो माणूस हसत होता. दुकान टाकल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदा.

मुलीनं अप्पांकडं बघितलं, पेन मिटलं आणि पर्समधून नेलकटर काढलं. "आणा इकडं. पुढच्या वेळी असं नको हं काका." कट् झालं. ती पुढच्या एसटीनं गेली. कागदावर लाल काही नव्हतं.

"अप्पा, जीव गेला असता माझा! एका नखापायी दुकान गेलं असतं!"

"भ्या तर मला बी लई वाटतं. दर खेपंला वाटतं, आजवर नखाचं नुसतं तोंडी बोलून सोडलं तरी." ते बाकावर बसले, टोपी काढली. "पण एक मी ठिवतोच. ड्युटीला निघताना आमची मंडळी, महानंदा, हात बघायची. म्हणायची, ही राहिली की. ती गेल्यावर घरात कुणी म्हणत न्हाई, नाना. कंपनी म्हणती."

मी खाली बघत म्हणालो, "अप्पा, काल तो जो आला होता..."

"त्यानं नखं बघितलीच न्हाईत," अप्पा म्हणाले. "तवाच वळखलं, ह्यो काय कंपनीचा न्हवं. पण तवर हौद रिकामा झालता." त्यांनी घागर उचलून माझ्या हातात दिली. तळाशी तांब्याभर पाणी शिल्लक होतं. "हे घरी न्या. तुमच्यात पिंप रिकामं असंल."